कावळ्यासाठी घडवलेली रायफल
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा एक पुतण्या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो भागात राहतो. नोकरी शहरात, पण हौस गावची. म्हणून त्याने गावाबाहेर थोडी जमीन घेतली, फळझाडे लावली, भाजीचे वाफे केले. आणि ससे आले. एका रात्रीत कोबीची रांग साफ! एके दिवशी त्याचा फोन आला, "काका, तुम्ही एनसीसीत रायफल शिकवायचात ना? माझा परवाना झालाय. पॉइंट टू-टू घ्यायची हे ठरलंय. पण वर दुर्बीण कुठली लावू? दुकानदार चोवीसपट मोठं दाखवणारी घ्या म्हणतोय."

मी पेशाने इतिहासाचा मास्तर. कॉलेजात असताना काही वर्षे एनसीसीचे काम पाहिले, तेवढ्यावर घरात माझी 'बंदूकवाला' अशी ख्याती आहे. पंचवीस यार्डांवर पालथे पडून पाच गोळ्यांचे ग्रुपिंग करायचे, पोरांकडून करून घ्यायचे, यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. तरी मी ऐटीत म्हटले, "रात्री निवांत फोन कर, सांगतो." आणि पुस्तके काढून बसलो. बसलो तो दोन आठवडे उठलो नाही. कारण लहान प्राण्यासाठी कोणती रायफल निवडावी, या वरवर किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

वाघासाठी बंदूक निवडणे त्या मानाने सोपे. शक्य तेवढी जबर घ्या, हे कोणालाही कळते. सशासाठी निवडणे अवघड. तिथे जोर कमी पण नेम पक्का हवा, खाण्याजोगे मांस शिल्लक राहिले पाहिजे, गोळी निसटली तर शेजारच्या गोठ्यापर्यंत जाता कामा नये आणि ससा जागच्या जागी मेला पाहिजे. या चार गोष्टी एकत्र आणायला माणसाला बराच काळ लागला.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली आणि तीही दिवाणखान्यात. आमच्या कोकणात ठासणीच्या बंदुकीला 'केपाची बंदूक' म्हणतात. केप म्हणजे तांब्याची बारीकशी टोपी, तिच्यात स्फोटक मसाला. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि नळीतली दारू पेटते. १८४५ मध्ये लुई-निकोला फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने काय केले, तर ही केप जराशी मोठी केली आणि तिच्याच तोंडात शिशाची गोळी बसवली. दारू नाहीच. केपेतल्या मसाल्याच्या जोरावर गोळी सुटायची. आवाज टाळी वाजवल्याएवढा. जेवणानंतर पाहुण्यांनी दिवाणखान्यात नेमबाजी करावी, अशी ही करमणूक. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडलेली होती. पुढे १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी त्याच कल्पनेवर पॉइंट टू-टूचे पहिले छोटे काडतूस काढले. यात पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या काठात भरलेला असतो आणि चाप ओढला की खिळा त्या काठावर आदळतो. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याच काडतुसात थोडी अधिक दारू आणि थोडी जड गोळी घातली. त्याचे नाव 'लाँग रायफल'. आज जगभर जे पॉइंट टू-टूचे काडतूस चालते, एनसीसीच्या पोराच्या हाती पहिल्यांदा पडते, ते हेच.

त्याचे माप आपल्या भाषेत सांगतो. नळी ०.२२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे पाव तोळ्याहूनही थोडी कमी. दुसऱ्या महायुद्धात आपले सैनिक जी थ्री-नॉट-थ्री वापरत, तिची गोळी जवळजवळ तोळाभर आणि तिचा जोर पॉइंट टू-टूच्या पंधरा-वीस पट. तिने ससा मारला तर हातात कान येतील! उलट, पॉइंट टू-टूला खेळणे समजणारेही असतात. तिच्या काडतुसांच्या खोक्यावर गोळी मैलभर किंवा त्याहून लांब जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो, तो वाचावा.

आता मी ज्या रायफलीसाठी हे सगळे सांगतो आहे, तिच्याकडे येतो. इंग्लंडमध्ये 'रुक' नावाचा पक्षी आहे. आपल्या कावळ्याचा विलायती चुलतभाऊच म्हणा. उंच झाडांच्या शेंड्यांवर डझनावारी घरटी बांधून वस्ती करतो आणि शेतात पेरलेले दाणे उकरून खातो. त्याची पिल्ले घरट्याबाहेर येतात, फांदीवर बसू लागतात, पण धड उडत नाहीत, असे काही दिवस मे महिन्यात येतात. १२ मेच्या सुमारास ती मारायची, असा तिथल्या खेड्यांतला जुना रिवाज. मग त्या पिल्लांची पाय होई. ती आवडीने खाल्ली जाई, हे मी वाचले तेव्हा मला दोन घोट पाणी प्यावे लागले.

या एका कामासाठी तिथे खास रायफल जन्माला आली. तिचे नावच 'रुक रायफल'. विचार करा, शिकारी झाडाखाली उभा आहे आणि नेम आकाशाकडे आहे. गोळी चुकली तर ती कुठेतरी पडणारच. आसपास गाव, चर्च, चरणाऱ्या मेंढ्या. म्हणून दारू थोडी, गोळी हलकी, आवाज कमी. पण पक्षी लहान आणि पानांत अर्धा झाकलेला, म्हणून नेम मात्र घड्याळजीच्या कामासारखा. लंडनच्या नामवंत बंदूककारांनी वाघ-हत्तींच्या रायफलींवर जेवढे कसब ओतले, तेवढेच या चिमुकल्या रायफलीवर ओतले. 'द फील्ड' या साप्ताहिकाने १८८३ मध्ये रायफलींच्या जाहीर चाचण्या घेतल्या, त्यांत हॉलंड अँड हॉलंड ही कंपनी दहाही गटांत पहिली आली. त्याच कंपनीच्या रुक रायफली पुढे फार नावाजल्या गेल्या. एका कावळ्यासाठी एवढी तालेवार कारागिरी!

मात्र या रायफली महाग होत्या, जमीनदारांच्या होत्या. त्यांना बाजारातून उठवले ते एका युद्धाने. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी इंग्रज सैनिकांना लांबून टिपून काढले. ही माणसे लहानपणापासून हरणे-ससे मारून तयार झालेली, आणि शहरी इंग्रज पोराने बंदूक पाहिली ती थेट भरती झाल्यावर. या नामुष्कीतून इंग्लंडभर छोट्या रायफलींचे क्लब निघाले. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी या चळवळीला आपले वजन दिले. हे सेनापती जन्माने कानपूरचे, हे जाता जाता. क्लबांसाठी स्वस्त पॉइंट टू-टू रायफली हजारांनी तयार झाल्या. मग जमीनदाराच्या रुक रायफलीला कोण विचारतो? पुष्कळ जुन्या रुक रायफलींच्या नळीत आतून पॉइंट टू-टूची बारीक नळी बसवून घेण्यात आली. राजवाड्याचे भाडेकरूंसाठी गाळे पाडावेत तसे.

रायफल झाली. राहिली दुर्बीण, आणि पुतण्याचा मूळ प्रश्न तोच होता.

रायफलीवर दुर्बीण बसवणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. अमेरिकेत विल्यम माल्कम याने १८५५ पासून चांगल्या भिंगांच्या दुर्बिणी बनवल्या, त्या जवळपास नळीएवढ्या लांब असत. सामान्य शेतकऱ्याला परवडेल अशी दुर्बीण मात्र १९३० मध्ये आली. बिल वीव्हर नावाच्या पंचविशीही न गाठलेल्या तरुणाने ती काढली. तिप्पट मोठे दाखवणारी, अंगठ्याएवढ्या जाडीची, किंमत एकोणीस डॉलर. त्याच १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने 'हॉर्नेट', म्हणजे गांधीलमाशी, या नावाचे काडतूस विकायला काढले. गोळी पॉइंट टू-टूएवढीच, पण वेग दुपटीच्या आसपास. अमेरिकेच्या पूर्व भागात कुरणांत बिळे करणारा वुडचक नावाचा घुशीसारखा जाडजूड प्राणी आहे. गाईगुरे चरत असताना त्याला लांबून मारायचे तर गोळी जमिनीवर आपटून उसळता कामा नये. ही वेगवान हलकी गोळी जमिनीला लागताच फुटून जाई. म्हणजे इथेही विचार तोच, गोळी नंतर कुठे जाते हा.

आता चोवीसपटीचे काय? मी पुतण्याला जे सांगितले ते तुम्हालाही सांगतो, कारण दुर्बीण पक्षी पाहायला घ्यायची असली तरी हे गणित उपयोगी पडते. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास भागिले ती किती पट मोठे दाखवते, हा भागाकार म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा आकार. बत्तीस मिलिमीटरचे भिंग आणि चारपट, तर ठिपका आठ मिलिमीटर. चाळीसचे भिंग आणि चोवीसपट, तर ठिपका दोनही मिलिमीटर नाही. आणि ससे चरायला येतात ते तिन्हीसांजेला, जेव्हा आपल्या डोळ्याची बाहुली पाच-सात मिलिमीटर उघडलेली असते. चोवीसपटीतून त्या वेळी ससा दिसेल तो मावशीच्या जुन्या फोटोतल्या पाहुण्यासारखा, कोण आहे ते ओळखू न येणारा. शिवाय आपल्या हाताचा कंपही चोवीसपट दिसणार. आणि समोर काय आहे ते दिसेल, पण आजूबाजूला काय आहे ते दिसणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून स्पीडोमीटर पाहिला तर काटा पाच-दहाने इकडेतिकडे दिसतो. काटा आणि आकडे एका पातळीत नसतात, म्हणून. दुर्बिणीतल्या फुलीचे आणि समोरच्या दृश्याचेही तसेच होते. डोळा जरा सरकला की फुली लक्ष्यावरून सरकते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी शंभर किंवा दीडशे यार्डांवर हा दोष राहणार नाही अशा जुळवलेल्या असतात. पॉइंट टू-टूसाठी निराळी दुर्बीण मिळते, ती पन्नास यार्डांना जुळवलेली. वाघाला हा फरक कळणार नाही, सशाला कळेल. सशाच्या डोक्यात जिथे गोळी लागली पाहिजे ती जागा लिंबाएवढी असते.

आणि अंतर? पन्नास यार्डांवर नेम जुळवलेली पॉइंट टू-टू शंभर यार्डांवर सुमारे सहा इंच खाली मारते. वारा असेल तर बाजूलाही नेते. म्हणजे शंभर यार्डांवरच्या सशाचा नेम धरला तर गोळी मातीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे पोटात किंवा पायात. म्हणून पन्नास-साठ यार्डांच्या आत जाता येत नसेल तर गोळी झाडायची नाही. मी हे फोनवर जरा कडक आवाजात सांगितले. त्याला कारण आहे, आणि ते पुस्तकातले नाही.

साल १९६५. मी बारा वर्षांचा. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या आतेभावाने छर्ऱ्याची बंदूक आणली होती. आमचे घर कुडाळ तालुक्यात. फणसावर एक खार कायमची. मी माशीतून नेम धरला आणि चाप ओढला. खार खाली पडली, पण पातेऱ्यात पडल्या पडल्या सरपटत निघाली आणि दिसेनाशी झाली. आम्ही पोरांनी आरडाओरडा केला, मग कंटाळून विहिरीवर गेलो. भाऊकाका ओटीवर बसून हे पाहत होते. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. ते ओरडले नाहीत. मला एकट्याला बोलावून म्हणाले, "मारलंस मां? मगे सोदून हाड तिका."

मी दुपारभर शोधत होतो. ऊन कलले तेव्हा ती गडग्याच्या चिऱ्यांमधल्या फटीत सापडली. मागचे पाय लुळे पडलेले, डोळे उघडे, श्वास चालू. मी पळत जाऊन काकांना सांगितले. ते काठी घेऊन आले, मला मान वळवू दिली नाही आणि एका फटक्यात तिची सुटका केली. नंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. छर्ऱ्याच्या त्या बंदुकीत त्या अंतरावरून खार मारण्याइतका जोरच नव्हता, हे मला पुढे कळले. कळले तरी त्या दुपारी मी ती हातात होती म्हणून वापरली, निवडली नव्हती.

छर्ऱ्याच्या बंदुकीने वेगळेही घडते, हे सांगितले पाहिजे. मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या एका पोरक्या मुलाने १९०८ च्या सुमारास अशाच बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही खायला चालेल की नाही, असा त्याला प्रश्न पडला. मामांनाही उत्तर येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा सलीम अली. त्याच्याही आधी या मुलाने घरच्या तबेल्यात घरटे केलेल्या चिमण्यांतले नर एकामागून एक टिपले होते. सात दिवसांत आठ. प्रत्येक वेळी मादीने नवा नर आणला, अशी वहीत नोंदही केली होती. दहाएक वर्षांच्या मुलाची ती नोंद! मी त्याच वयात खार मारली आणि विहिरीवर पोहायला गेलो.

आता या इतिहासातल्या दुसऱ्या निवडीकडे येतो. रायफल, काडतूस, दुर्बीण निवडताना माणसाने एवढी डोकेफोड केली. पण उपद्रवी कोण हे ठरवताना? इथे मला इतिहास फार ढिसाळ दिसतो.

इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळी, १५३२ मध्ये कायदा झाला, की प्रत्येक गावाने रुक आणि कावळे पकडायला जाळे बाळगलेच पाहिजे. १५६६ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या राजवटीत धान्यरक्षणासाठी आणखी कायदा झाला आणि जनावराच्या डोक्यामागे बक्षीस ठरले. चर्चचे कारभारी डोकी मोजून पैसे देत. कोल्ह्याला, बॅजरला बारा पेन्स. तीन उंदरांना एक पेनी. इथवर ठीक. पण यादीत खंड्याही होता, त्याला एक पेनी. मासे खाणारा खंड्या धान्याचे काय वाकडे करणार? आणि हेजहॉग, म्हणजे अंगाचा काट्यांचा चेंडू करून बसणारा चिमुकला प्राणी, त्याला दोन पेन्स. का? तर तो रात्री गोठ्यात शिरून गाईच्या सडांना तोंड लावून दूध पितो. आपल्याकडे धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असे सांगतात ना, तसेच हे. बिचारी धामण शेतातले उंदीर खाते, आणि आपण तिला दुधाच्या चोरीसाठी ठेचतो. रुकचे तरी काय? तो पेरलेले दाणे खातो हे खरे, पण गवताची मुळे कुरतडणाऱ्या अळ्याही तोच उकरून खातो. त्याचा जमाखर्च काय निघतो, यावर रुक रायफलीच्या भरभराटीच्या काळातही तिथे वाद चालू होता.

आपण हसायला नको. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा घ्या. त्यात सुरुवातीला 'स्मॉल गेम' म्हणजे लहान शिकारीचा वेगळा परवाना होता, तो १९९१ च्या दुरुस्तीने गेला. पण पाचवी अनुसूची राहिली. 'उपद्रवी' प्राण्यांची यादी. उंदीर, घुशी समजू शकतो. फळे खाणारी वटवाघळेही त्यात होती, आणि आपला कावळाही. म्हणजे पितृपक्षात ज्याची वाट पाहत आपण हातात पिंड घेऊन उन्हात उभे राहतो, 'शिवला का, शिवला का' विचारतो, तो कायद्याच्या लेखी कोणीही मारावा असा प्राणी होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूचीच काढून टाकली, आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारला ठरावीक भागापुरती आणि मुदतीपुरती अधिसूचना काढावी लागते.

अधिसूचनेची वाटही सरळ नाही. २०१५ च्या डिसेंबरात बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर उपद्रवी ठरले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून तेव्हाचे पर्यावरणमंत्री, आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर, आणि त्याच मंत्रिमंडळातल्या मनेका गांधी यांचा जाहीर वाद झाला. राज्यांनीच मागणी केली म्हणून परवानगी दिली, असे जावडेकरांचे म्हणणे होते. कोण बरोबर, हे मी इथे सांगत बसत नाही. ज्याचे पीक गेले त्याने एक बोलावे आणि ज्याचे गेले नाही त्याने दुसरे, हे व्हायचेच. आमच्या गावी माकडे नारळाचे कोवळे फळ पाडतात तेव्हा माझा चुलतभाऊ ज्या भाषेत बोलतो ती आकाशवाणीवरून ऐकवता येणार नाही. पण बंदूक काढली तरी बार हवेत, आवाजापुरता. कायदा आहे म्हणून, आणि मारुतीही आहे म्हणून. निवडणूक लागली की तीही बंदूक पोलीस ठाण्यात जमा. मग थाळ्या बडवायच्या.

न्यूझीलंडकडे परत वळतो, कारण तिथल्या सशाची गोष्ट या सगळ्यावर कळस आहे. त्या देशात मुळात ससाच नव्हता. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी तो मांसासाठी आणि शिकारीच्या हौसेसाठी नेऊन सोडला, म्हणजे ज्याला आज उपद्रवी म्हणतात तो मुद्दाम आणलेला पाहुणा. १८७० च्या दशकात ओटागोची कुरणे त्याने बोडकी केली. १८७६ मध्ये सशाविरुद्ध कायदा झाला. रायफली, फासे, विष, सगळे झाले. मग १८८० च्या दशकात सशांना खातील म्हणून स्टोट आणि वीझल हे मुंगसाच्या चणीचे शिकारी प्राणी आणून सोडले. त्यांनी ससे थोडेफार खाल्ले. पण त्यांना ससा पकडण्यापेक्षा न उडणाऱ्या किवीचे पिल्लू पकडणे सोपे वाटले. आज तिथे सरकार स्टोटसाठी सापळे लावते.

आणखी एक गंमत. सशांची कातडी आणि मांस परदेशी विकून पुष्कळांचे पोट चाले. ज्याचे पोट सशावर, तो शेवटचा ससा कशाला मारील? म्हणून १९४७ नंतर सरकारने धोरणच घेतले, की सशाच्या व्यापाराला किंमत उरू द्यायची नाही. एवढे करूनही ससा उरला. १९९७ मध्ये काही शेतकऱ्यांनी सशांना मारणारा विषाणू बेकायदा आणून पसरवला, तरीही उरला. पुतण्याच्या कोबीवर येतो तो त्यांचाच वंशज.

म्हणून शेवटी मी त्याला म्हटले, "चारपटीची साधी दुर्बीण घे, पन्नास यार्डांना जुळवलेली. फार तर तीन ते नऊपटीची घे, पण संध्याकाळी ती चारवरच ठेव. पहिले पाचशे काडतूस कागदावर खर्च कर. आणि आधी वाफ्याभोवती जाळी मार, खाली वीतभर जमिनीत पुरून. रायफलीने ससे संपत नाहीत, तुझ्या कोबीवरचा एखादा संपतो."

"मग रायफल घेऊच नको का?"

"घे की. पण ससा उठून बसेपर्यंत थांब. आणि त्याच्या मागे काय आहे ते पाहा."

दोन महिन्यांनी त्याने कागदी चकतीचा फोटो पाठवला. पन्नास मीटर, पाच भोके, पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी. मला हेवा वाटला. जाळी मारून झाली होती. जाळीबाहेर चार ससे मारले होते. एकदा ससा अगदी टप्प्यात होता, पण मागे शेजाऱ्याच्या शेडमधला दिवा दिसला म्हणून झाडली नाही, असेही लिहिले होते. खाली सूनबाईचा निरोप होता, "सशाचं मटण करतेय, पण इथल्या मसाल्यात मजा नाही. आपला घरचा मसाला पाठवा."

त्याच सुमारास ओळखीचे एक जोडपे तिकडे चालले होते. त्यांच्याबरोबर अर्धा किलो मालवणी मसाला दिला. त्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू आधी लिहून द्यावी लागते आणि कसून तपासतात. त्यांच्या देशात बाहेरचे बी, किडा, काहीही शिरू नये म्हणून. अधिकाऱ्याने पुडी उघडली, नाकाशी नेली, दोनदा शिंकला आणि सोडून दिली.